ऊस, गड्डा आणि दाढेवरची हरवलेली ट्यूब

सोलापुरात दातांना तारा बसवण्याचे काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारावे, संक्रांतीचा आठवडा त्याला वेगळा लक्षात असतो. सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होम मैदानावर भरणारी ‘गड्डा’ नावाची जत्रा यांच्या जोडीने घरोघरी तिळाच्या वड्या, रेवड्या, बोरे आणि ऊस येतो. आणि त्याच्या मागोमाग आमच्या दवाखान्यात निघालेली ब्रॅकेट्स (तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेले छोटे तुकडे), वाकलेल्या तारा आणि सोललेले गाल येऊ लागतात. किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवून दिलेल्या वेळा मुद्दाम कमी ठेवते, कारण आयत्या वेळी येणाऱ्यांनीच बाके भरून जातात. मी सांगणार आहे तो दिवस असाच सुरू झाला होता.

सकाळी पहिला आला तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याच्या समोरच्या दाताचे ब्रॅकेट कडक भाकरीने काढले होते. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी वाजते आणि ती समोरच्या दातांनी मोडण्याचा मोह आवरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण तीच भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर ब्रॅकेटला धक्काही लागत नाही आणि चवही जास्त लागते. त्याने ते ब्रॅकेट वहीच्या कागदाच्या पुडीत नीट बांधून आणले होते. बहुतेक रुग्ण असेच आणतात. जुने ब्रॅकेट मी क्वचितच परत वापरते, तरीही पुडी दिसली की मला बरे वाटते, कारण ते पोटात किंवा आणखी कुठे गेलेले नाही याचा तो पुरावा असतो.

अकराच्या सुमारास आठवीतली एक मुलगी आई आणि आजीबरोबर आली. उजव्या बाजूची खालची तार सुटून गालात रुतत होती. मी तोंड उघडायला सांगितले, तेव्हा तारेच्या टोकावर पांढरट, चिकट असे काहीतरी थापलेले दिसले. तार टोचू नये म्हणून आजींनी रात्री तिच्यावर कणकेचा गोळा दाबून बसवला होता. आम्ही याच कामासाठी मेणाची छोटी डबी देतो. ती घरात सापडली नाही, म्हणून आजींनी हा उपाय शोधला होता, आणि रात्रीपुरता तो लागूही पडला होता. ओल्या कापसाने कणीक पुसून काढल्यावर खरा प्रकार दिसला. शेवटच्या दाढेवर चिकटवलेली धातूची ट्यूब, म्हणजे तारेचे टोक जिच्यात अडकवतात ती छोटी नळी, जागेवर नव्हती. दाढेवर खडबडीत लेपाचा ठिपका तेवढा उरला होता.

“ट्यूब कुठे आहे, बाळा?” मी विचारले.

मुलीने आईकडे पाहिले, आईने आजीकडे. “मॅडम, काल गड्ड्यात ऊस खाल्लाय तिनं,” आई म्हणाली. “पाळण्यात बसून खात होती. तिथंच ठसका लागला. घरी आल्यावर बघितलं तर तार लोंबकळत होती. गिळलं असंल, असं वाटलं.”

“आणि खोकला?”

“रात्रभर खोकत होती. धुरळा लई असतोय हो तिथं.”

धुळीचे म्हणणे खोटे नव्हते. गड्ड्यातून फिरून आलेल्या निम्म्या सोलापूरला त्या आठवड्यात खोकला असतो. पण हसताना किंवा ओरडताना तोंडातली वस्तू मागे गेली, लगेच ठसका लागला आणि मग खोकला थांबलाच नाही, ही हकीकत ऐकल्यावर धुळीवर विसंबून राहता येत नाही. गिळलेली बारीक वस्तू अन्ननलिकेतून पोटात गेली तर बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बाहेर पडते. तीच श्वासनलिकेत गेली तर प्रकरण वेगळे होते. आपली उजवी श्वासवाहिनी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, त्यामुळे चुकून आत गेलेली वस्तू बहुधा उजव्या बाजूला जाऊन अडकते. सुरुवातीचा ठसका ओसरल्यावर माणसाला बरे वाटू लागते आणि त्याच वेळी आत सूज व संसर्ग यांची सुरुवात होऊ शकते. त्या ट्यूबला रबर अडकवण्यासाठी एक बारीक हूकही होता.

मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा चांगला होता. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बालरोगतज्ज्ञ बसतात. त्यांनी येऊन छाती तपासली. दोन्ही बाजूंना हवा सारखी जात होती, शीळ वाजल्यासारखा आवाज नव्हता. तरीही आमचे दोघांचे एकमत झाले की छाती आणि पोट या दोन्हींचा एक्स-रे काढल्याशिवाय मुलीला घरी पाठवायचे नाही. धातू असल्यामुळे ट्यूब फिल्मवर ठळक दिसणार होती. लोंबकळणारे तारेचे टोक मी आधी कापून घेतले, आणि तेही टोक धरून ठेवणाऱ्या कटरने, कारण त्या दिवशी आणखी एक तुकडा हरवणे परवडणारे नव्हते. नेलकटरने किंवा पक्कडीने घरीच तार कापणाऱ्यांना मी एरवीही याच कारणासाठी रागावते.

आई मुलीला घेऊन शेजारच्या एक्स-रे केंद्रात गेली. आजी मात्र गुडघ्यांमुळे माझ्या खोलीतच बसून राहिल्या. मी दुसऱ्या रुग्णाच्या तारा बदलत होते आणि आजींचे बोलणे चालू होते.

“आमचं सगळं आयुष्य ऊस खाण्यात गेलं. उसानं दात घासून निघतात. अन् तुमचं हे चिकटवलेलं एका पेरात निघतंय?”

तक्रार रास्त होती आणि तिला उत्तर देणे भाग होते. ब्रॅकेट दातावर चिकटवताना आम्ही दाताच्या वरच्या आवरणावर फॉस्फोरिक आम्लाची जेल सुमारे अर्धा मिनिट लावतो, ती धुऊन दात वाळवतो, आणि खडूसारख्या पांढऱ्या झालेल्या त्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत रेझिन, म्हणजे चिकटवणारा लेप, मुरवून ते निळ्या प्रकाशाने घट्ट करतो. ही पद्धत अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांच्या १९५५ सालच्या कामावर उभी आहे. त्याआधी प्रत्येक दाताला धातूचे कडे ठोकून बसवावे लागे. चिकटवलेला जोड नेहमीचे जेवण सहन करेल इतका पक्का हवा, पण उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढताना दाताचा टवका निघू नये इतका तो बेताचाही हवा. म्हणजे ऊस जिंकणार हे आमच्या हिशेबात आधीच धरलेले असते. उसाचे पेर दाढेत धरून साल ओढली की सगळा जोर आडवा येतो, आणि आडवा जोर या जोडाला मानवत नाही.

“आणि आजी,” मी म्हणाले, “ट्यूब निघाली ते डोळ्यांना दिसलं तरी. जे दिसत नाही त्याची मला जास्त काळजी आहे.” गोड आणि चिकट पदार्थ ब्रॅकेटच्या कडेला अडकून राहतो, तिथले जंतू त्याचे आम्ल करतात, आणि तोंडातील आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ त्यांची भरपाई करत असते. पण दर अर्ध्या तासाला एक रेवडी तोंडात गेली तर तिला ती उसंतच मिळत नाही. ब्रॅकेटभोवती दुधी पांढरे डाग उमटायला महिनाभराची हयगयही पुरते. तारा काढल्यावर दात सरळ पण डागाळलेले, असे चित्र मी पुष्कळ पाहिले आहे. त्यामुळे तिळगुळाला माझी बंदी नाही. मऊ लाडू जेवणाबरोबर खावा, लगेच खळखळून चूळ भरावी आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टने ब्रॅकेटच्या वर व खाली ब्रश तिरपा धरून, तारेखाली छोटा ब्रश घालून दात घासावेत.

“मग बारा महिने पोरीनं खायचं तरी काय?” आजींनी विचारले. “पुढच्या महिन्यात शेतात हुरडा हाय.”

हा प्रश्न मला फार आवडला. रुग्णांना वाटल्या जाणाऱ्या छापील सूचनांमध्ये पिझ्झाची कड, पॉपकॉर्न आणि च्युइंगम यांची नावे असतात. आमच्याकडची मुले पिझ्झा वर्षातून कितीदा खातात आणि चकली, कणीस, कैरी कितीदा खातात, हे त्या कागदाला ठाऊक नसते. मी एका जुन्या केसपेपरची मागची बाजू घेतली आणि आजी सांगतील त्या क्रमाने लिहीत गेले.

हुरडा चालेल, तो कोवळा असतो, दाणे अडकतात तेवढेच, चूळ भरली की निघतात. सोबतची शेंगाची चटणी दह्यात कालवून. बोरे नकोत, कारण बी दाढेखाली केव्हा येईल ते सांगता येत नाही. पाडव्याची साखरेची गाठी गळ्यातच शोभते. फोडायचीच असेल तर दुधात विरघळवावी. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी मीठ-तिखट लावून दिवसभर चोखत बसायचे नाही, कारण ते आम्लच आहे, आणि खाल्ल्यावर लगेच ब्रशही करायचा नाही, साध्या पाण्याने चूळ भरून थोडा वेळ थांबायचे. आंबा कापून खावा, कोय चोखू नये. बर्फाच्या गोळ्यावर आजींनी विशेष चौकशी केली. गोळा चोखून खाल्ला तर तारेला उलट आराम पडतो. सुरुवातीला वापरतो त्या निकेल-टायटॅनियमच्या उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या तारा गार झाल्या की मऊ पडतात आणि दुखणे घटकाभर कमी होते, मग गरम चहा घेतला की ताण पुन्हा जाणवतो. पण बर्फ कडाकडा चावला तर ब्रॅकेट गेलेच म्हणून समजावे.

पावसाळ्यात भाजलेले कणीस दातांनी ओरबाडू नये, दाणे सोलून वाटीत घ्यावेत. श्रावणातल्या उपासांचा साबुदाणा कडक नसल्यामुळे लोकांना निरुपद्रवी वाटतो, पण तो तारेखाली असा बसतो की साध्या चुळीने निघत नाही. राजगिऱ्याच्या चिक्कीचेही तेच. उकडीचा मोदक निर्धास्त खावा. दिवाळीत चकली आणि कडक शंकरपाळे बाजूला ठेवून करंजी, चिरोटा, रव्याचा लाडू यांवर भर द्यावा.

या यादीत खाण्यापलीकडची एकच गोष्ट मी लिहिली, ती पुढच्यासाठी. तारा निघाल्यावर दात जागेवर राहण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा रिटेनर देतात. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना तो स्कूटीच्या डिकीत राहिला, किंवा स्वच्छ होईल म्हणून कोणी उकळत्या पाण्यात टाकला, की त्याचा आकार बदलतो आणि मग तो दातांवर बसत नाही. दर उन्हाळ्यात असे कोणी ना कोणी माझ्याकडे येतेच.

तेवढ्यात आई आणि मुलगी फिल्म घेऊन आल्या. मी ती व्ह्यूअरवर लावली. छातीत काही नव्हते, फुप्फुसे स्वच्छ होती. पोटाच्या फिल्मवर उजवीकडे, खालच्या भागात, आतड्याच्या जागी एक छोटा ठळक पांढरा ठिपका होता, आणि बारकाईने पाहिले तर त्याचा हूकही ओळखू येत होता. मुलीला ते पाहून हसू आले. आईने मात्र पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. बालरोगतज्ज्ञांनीही फिल्म पाहिली आणि सांगितले की ती पोटातून पुढे सरकलेली आहे, आता वाट पाहायची.

आजींनी लगेच एरंडेल द्यायची तयारी दाखवली. त्याला आम्ही दोघांनीही ठाम नकार दिला. जुलाबाचे औषध देऊन वस्तू घाईने ढकलण्यात काही फायदा नाही. नेहमीचे जेवण, भाजी, फळे, पाणी द्यावे, शौचावर लक्ष ठेवावे, आणि पोटात दुखले, उलटी झाली, ताप आला किंवा शौचात रक्त दिसले तर तडक यावे. खोकला वाढला किंवा धाप लागली तरीही थांबू नये, हेही आईला दोनदा सांगितले, कारण धुळीचा खोकला अजून चालूच होता.

नवी ट्यूब मी त्या दिवशी बसवली नाही. गालाची जखम भरायला वेळ हवा होता, आणि खोकणाऱ्या मुलीच्या तोंडात शेवटच्या दाढेवर काम करणे मला योग्य वाटले नाही. त्याच आठवड्यात आईचा फोन आला की ट्यूब पडली. त्यानंतर मुलगी आली तेव्हा मी त्या दाढेला चिकटवलेल्या ट्यूबऐवजी पूर्ण कडे बसवले. कडे सिमेंटने दाढेभोवती बसते, त्यामुळे ते आडवा जोर अधिक सोसते. त्याखाली अन्न मुरू नये म्हणून हिरडीजवळ जास्त काळजीने घासावे लागते, तेवढी अट तिने मान्य केली.

आजी त्या वेळी आल्या नव्हत्या. त्यांनी मुलीबरोबर निरोप मात्र पाठवला होता, की कागदावर भोगीच्या भाजीचे काहीच लिहिलेले नाही. मी कागद मागून घेतला आणि वर जागा काढून लिहिले: भाजी पोटभर खावी, त्यातली बोरे आणि उसाचे करवे आजींनी खावेत.