ओव्हिडची लाज, क्रिस्तोफचे शब्दकोश

हद्दपार झालेला लेखक परक्या भाषेत लिहू लागला, की तो तोच माणूस राहतो का? हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्वी मी झटकन ‘हो’ म्हणायचे. रोमन कवी ओव्हिडची हद्दपारीतली कवितापत्रं वाचली आणि ते ‘हो’ तोंडातून निघेना. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला रोमहून काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला धाडलं. तिथल्या थंडीबद्दल तो पानंच्या पानं रडतो, ती मी भराभर उलटली. पण एका जागी तो लिहितो, की लॅटिन विसरू नये म्हणून मी स्वतःशीच बोलतो, सवय मोडलेले शब्द परत घोळवतो. तिथे मी पुस्तक मिटून बसले. रोमने डोक्यावर घेतलेला कवी, आणि स्वतःचीच भाषा घोकतोय! पुढे त्याने तिथल्या गेटिक भाषेत कविता केली. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, बाणांनी भरलेले भाते हलवले. त्याला मात्र ते सांगताना लाज वाटते. कविता गेटिक झाली होती, लाज अजून रोमन होती.

हंगेरियन लेखिका आगोता क्रिस्तोफचं मात्र वेगळं झालं. १९५६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तान्ह्या मुलीला घेऊन तिने नवऱ्याबरोबर रात्री हंगेरीची सीमा ओलांडली. जवळ दोन पिशव्या: एकीत बाळाच्या बाटल्या नि लंगोट, दुसरीत शब्दकोश. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात ती घड्याळांच्या कारखान्यात कामाला लागली. लहानपणी चौथ्या वर्षी वाचायला शिकलेली ही बाई फ्रेंचपुढे पुन्हा निरक्षर झाली. १९८६ मध्ये तिची पहिली कादंबरी आली, फ्रेंचमध्ये. त्यातली जुळी मुलं वहीत लिहिताना एक नियम पाळतात: अक्रोड ‘आवडतात’ असं लिहायचं नाही, अक्रोड ‘पुष्कळ खातो’ असं लिहायचं. ‘आवडणं’ हा शब्द भरवशाचा नाही.

माझ्या मते हा नियम शब्दकोश उशाशी घेऊन लिहिणाऱ्यालाच सुचतो. जन्मभाषेत आपण ‘आवडणं’ तपासून बघत नाही. म्हणून आता माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ती तीच राहिली नाही. हंगेरीतच राहिली असती तर ही वाक्यं तिच्या हातून उतरलीच नसती, आणि हे म्हणताना मला तिच्यासाठी वाईट वाटतं, कारण तिला ती अदलाबदल नको होती. फ्रेंचला ती शत्रुभाषा म्हणायची. ही भाषा माझ्या मातृभाषेला मारते आहे, असं तिने लिहून ठेवलं. फ्रेंचमध्येच.