हळदीचा पिवळा

“अरे, माझ्या मुलीला त्या दिवशी कावीळ झाली होती का रे?”

काकू चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी काळजीने विचारलं. डिसेंबरातली दुपार, दादरला गोखले रोडवरचा आमचा स्टुडिओ, आणि काकू मुलीच्या अल्बमसाठी फोटो निवडायला आलेल्या. स्क्रीनवर हळदीचा फोटो. नवरी डोळे मिटून बसलेली, दोन्ही गालांवर ओली हळद, मागे आत्या तोंडावर हात ठेवून हसतेय. फोटो झकास होता. पण हळद मोसंबीच्या सरबतासारखी दिसत होती आणि तो रंग गळ्यापर्यंत उतरला होता.

“गच्चीवर तुमच्या फोटोवाल्याने कॅमेऱ्यात दाखवला तेव्हा चांगला होता की!”

इथेच मी अडकलो, कारण काकू खरं बोलत होत्या.

झालं असं होतं, की दिवाळीत आमच्या स्टुडिओच्या सरांनी फोर्टला बोरा बाजारातून नवा कॅमेरा आणला आणि त्याच्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल, आमच्या जुन्या फोटो सॉफ्टवेअरला उघडेनात. एकदाच पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर, त्याचे अपडेट कधीच बंद झालेले. आधी सगळं डीएनजी नावाच्या दुसऱ्या रॉ प्रकारात बदलायचं आणि मग जुन्यातच उघडायचं, हा जुगाड आम्ही दोन कार्यक्रम चालवला. पण एका लग्नाच्या अठराशे फाइली, पन्नास जीबीच्या वर माल, प्रत्येक वेळी दोनदा कोण दळत बसणार? सर म्हणाले, “आठ दिवस घे, नवीन काय घ्यायचं ते ठरव.”

मी एक्सेलमध्ये तक्ताच केला. महिन्याचे पैसे, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे, लेन्सचे दोष सुधारणं, एक्स्पोर्टचा वेळ. चार सॉफ्टवेअर लावून पाहिली. दोन पैसे भरायची, एक फुकटचं डार्कटेबल, आणि एक कॅमेरा कंपनीचं स्वतःचं, तेही फुकट. टेस्टला शिवाजी पार्कात काढलेले फोटो: झाडं, आभाळ, पांढऱ्या कपड्यांतली क्रिकेटची पोरं. चारही ठिकाणी ते बरे दिसले. मग जे सगळ्यांत भराभर चालत होतं त्याला मी पहिला नंबर देऊन टाकला आणि काकूंच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच काढले.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसतो तो रॉ नसतोच. फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग असतो, तो दिसतो. उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, तोसुद्धा त्याचाच. रॉमध्ये रंग असा तयार नसतो. उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर बारीक फिल्टरची जाळी असते, चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायरला १९७६ साली तिचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग कळतो, उरलेले दोन सॉफ्टवेअर शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतं. त्यावर ते आपलं कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याचा हिशोब, लावतं, उजेड-सावलीचा आपला कर्व्ह लावतं. म्हणून एकच फाइल चार ठिकाणी चार तऱ्हेची दिसते.

त्यात हळद म्हणजे परीक्षाच. गच्चीवर पिवळ्या कापडाचा मांडव, त्यातून गाळून आलेलं ऊन आणि खाली ओली हळद. निळा जवळजवळ शून्यावर, लाल आधीच काठोकाठ. लाल भरला की तिथेच थांबतो, हिरवा मात्र चढत राहतो, आणि केशरीकडे झुकणारा पिवळा लिंबाकडे सरकतो. बरं, सेन्सरवर गाल जास्त उजेडाने जळलेला नव्हताच, रॉमध्ये सगळं शाबूत होतं. वाट लागत होती ती रॉचं चित्र करताना.

हे सगळं काकूंना काय सांगणार! सर म्हणाले, “तीच फाइल बाकीच्यांत उघड.”

उघडली. एकात विटकरी. डार्कटेबलमध्ये आधी फिकट, मग वीस मिनिटं खटपट केल्यावर छान. पण अठराशे फोटोंना वीस मिनिटं धरली तर पुढचं लग्न येईल. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्यात दिसला होता तसाच, फक्त ते गोगलगायीच्या चालीने. काकू म्हणाल्या, “थांब जरा.” पिशवीतून त्यांनी घडी केलेली साडी काढली. हळदीच्या दिवशी मुलीने नेसलेली, पांढरी सुती, लाल काठाची. डाग निघत नाही म्हणून लाँड्रीवाल्याने परत केलेली. सरांनी पिवळा दिवा बंद करून खिडकीचा पडदा बाजूला सारला. काकूंनी पदर मॉनिटरला लावला. साबण लागला होता तिथे डाग तांबूस झाला होता, साबणाने हळद लाल पडते तसा. “हा नाही, हा बघ,” म्हणत त्यांनी निरीजवळचा, साबण न लागलेला कोपरा पुढे केला आणि स्क्रीनवरची एकेक खिडकी तपासली. चौथ्या खिडकीवर बोट ठेवलं. “ही आमची हळद.”

मग मला सुचलं, आणि लाजही वाटली. पहिल्या नंबरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइलच्या यादीत खाली कॅमेऱ्याच्या रंगांशी जुळणारी वेगळी प्रोफाइलं होती. मी त्यांना आठ दिवसांत हातच लावला नव्हता. एक लावलं, तर निम्मी कावीळ उतरली. पण गालाची कड तशीच भगभगीत राहिली.

सरांनी माझा तक्ता वरून खाली वाचला. “यात हळदीचा कॉलम कुठाय?”

शेवटी हळदीचे दोनशे दहा फोटो कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून काढले, रात्रभर मशीन चालू ठेवून. बाकीचे भराभरवाल्यातून. एकातलं एडिटिंग दुसऱ्याला वाचता येत नाही, त्यामुळे आता दोन घरचा संसार आहे, आणि सर त्यावर अजून कुरकुरतात.

काकूंनी साडीची घडी पिशवीत ठेवली आणि जाता जाता रिसेप्शनचा फोल्डर उघडायला लावला. हॉलवाल्याच्या एलईडीने सगळं वऱ्हाड निळंजांभळं.

“आणि हे रे?”

“काकू, ते हॉलच्या लाइटमुळे.”

“मग आता याच्यासाठी पिशवीत काय घालून आणू?”