सात तास सीटवर

आयर्नमॅनचा, म्हणजे एकाच दिवसात पोहणं, सायकल आणि पळणं अशा शर्यतीचा विषय निघाला की पोहण्याबद्दल लोक भीतीने विचारतात आणि मॅरेथॉनबद्दल आदराने. सायकलबद्दल मात्र खरं कुतूहल असतं. शेजारच्या काकूंपासून रविवारी कागलच्या रस्त्यावर भेटणाऱ्या नव्या मुलींपर्यंत सगळ्या मला एकच विचारतात: "ताई, त्या टीचभर सीटवर सहा-सात तास काढायचे कसे? पाठ धरत नाही? कंटाळा येत नाही? आणि मधे बाथरूमला जायचं झालं तर?" चालता चालता दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आधी आकडे. पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग ४२.२ किलोमीटर पळायचं. बहुतेक ठिकाणी वेळेची मर्यादा एकूण १७ तासांची. आपल्यासारख्या हौशी स्पर्धकांचा जवळजवळ निम्मा दिवस सायकलवर जातो. मी ज्या स्पर्धेबद्दल सांगणार आहे ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बसलटनची. पर्थच्या दक्षिणेला साधारण २२० किलोमीटरवरचं हे किनाऱ्यावरचं गाव. तिथे समुद्रात जवळजवळ दोन किलोमीटर आत गेलेला जुना लाकडी धक्का आहे. त्याला वळसा घालून पोहायचं आणि बाहेर आलं की सायकल. नव्वद-नव्वद किलोमीटरच्या दोन फेऱ्या, आणि रस्ता पार सपाट.

सपाट म्हटलं की कोल्हापुरातल्या माणसाला वाटतं, सोपं असणार. आम्ही पन्हाळा चढणारी माणसं. वाघबीळपासून वर जाताना घाम निघतो, पण चढावर उभं राहून पेडल मारता येतं, वर पोचलं की दोन घोट पाणी पिता येतं आणि उतारावर पाय थांबवता येतात. घाट शरीराला सारखी बसायची पद्धत बदलायला लावतो. सपाट रस्त्यावर तसं काही घडत नाही. पेडल थांबवलं की वेग पडतो. एरोबारवर, म्हणजे हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर, कोपरं टेकून, पाठ आडवी करून, मान वर उचलून तुम्ही त्याच अवस्थेत तासन् तास असता. मांड्यांच्या आधी मान बोलायला लागते. मग खांदे, मग बसायच्या हाडांवरची कातडी, मग तळव्यांत आग. हँडलवर भार पडून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जाते. माझ्या मते सपाट १८० किलोमीटर हे घाटाच्या १८० पेक्षा शरीराला जास्त जाचक असतात, आणि नव्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

यावरचा इलाज स्पर्धेच्या दिवशी सापडत नाही, तो आधी करावा लागतो. सीटची उंची, एरोबारचं अंतर, बुटाला पेडलमध्ये अडकवणाऱ्या क्लीटची जागा हे जाणकाराकडून बसवून घ्यायला पैसे लागतात, पण भारी चाकांवर खर्च करण्याआधी तेच करा. आणि मग त्याच बैठकीत बसायची सवय. डिसेंबरच्या स्पर्धेसाठी लांबचा सराव सुरू होतो तो नेमका जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा कोल्हापुरात पाऊस असा कोसळत असतो की पंचगंगेच्या पाण्याची पातळी रोज पेपरात बघायची. मग सायकल गॅलरीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर लावायची आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून तीन-तीन, चार-चार तास पेडल मारायचं. ट्रेनरवर उतार नसतो, सिग्नल नसतो, चहाची टपरी नसते. बसलटनच्या रस्त्याची सर्वांत खरी तालीम मला आमच्या गॅलरीने दिली.

बैठकीचं निभलं, तरी टप्पा निघतो तो स्वतःला आवरून धरण्याने. पाण्यातून बाहेर आल्यावर छाती धडधडत असते, अंगात उसळी असते, बाजूने लोक सुसाट जात असतात. पाय म्हणतात, चल. त्यांचं ऐकायचं नाही. तासभर टिकवता येईल अशी तुमची जी जास्तीत जास्त ताकद, तिच्या साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास राहायचं. पॉवर मीटर, म्हणजे पायांची ताकद मोजणारं यंत्र असेल तर आकडा दिसतो, नसेल तर श्वासावरून कळतं: अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये हे जवळजवळ अपमानास्पद वाटतं. पण वाऱ्याचा हिशेब बघा. सपाटीवर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर त्यासाठी ३३ टक्के जास्त ताकद मोजावी लागते. ताशी २८ ऐवजी ३१ने गेलात तर अख्ख्या अंतरात चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर वाचतील. मॅरेथॉनच्या उत्तरार्धात पळण्याऐवजी चालायची पाळी आली तर तासाहून जास्त जातो.

हे १८० किलोमीटर कुठून आले, असंही एकीने विचारलं होतं. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एका दिवसात जोडल्या: वायकिकीचं समुद्रातलं पोहणं, बेटाला फेरी घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. सायकल शर्यत मुळात ११५ मैलांची होती आणि दोन दिवसांत व्हायची. तीन टप्पे एकमेकांना नीट जुळावेत म्हणून तिच्यातले तीन मैल कापले आणि ११२ उरले, म्हणजे आपले १८० किलोमीटर. त्या पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केलं. दोन दिवसांचा रस्ता आपण एका दिवसात करतोय, तोही पोहून आल्यावर आणि पळायच्या आधी, हे मला सत्तराव्या किलोमीटरला आठवतं आणि हात आपोआप खिशातल्या खजुराकडे जातो.

कारण आवरून धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे खाणं. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची असते. एवढ्यावर पूर्ण दिवस निघणं शक्यच नाही. पळताना पोट हिंदकळतं, पोहताना खाता येत नाही, म्हणजे जेवायची जागा सायकलच. तासाला साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट बहुतेकांना पचतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेतलं तर सरावाने नव्वदपर्यंत जाता येतं, कारण आतड्यात दोघांचे शोषले जाण्याचे मार्ग वेगळे आहेत. पण जोर जास्त लावला की रक्त पोटाकडून पायांकडे जातं आणि हेच अन्न आत पडून राहतं. मळमळ सुरू झाली की लोक जेलला, म्हणजे पाकिटातल्या घट्ट गोड रसाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष वेगाचा असतो.

मी घड्याळावर दर वीस मिनिटांनी गजर लावते आणि गजर झाला की खाते. भूक आहे का, हे स्वतःला विचारत नाही. सरावात घरची गूळपोळी असते, तुकडे करून पाठीच्या खिशात. पण तूप आणि शेंगदाणे पचायला वेळ लागतो, त्यामुळे ती संथ रविवारसाठीच. स्पर्धेत खजूर, जेल आणि मीठ लावून उकडलेले छोटे बटाटे. बटाटे तिथल्याच दुकानातून आणून आदल्या रात्री उकडले. अर्ध्या अंतरावर स्वतःची पिशवी मिळते, त्यात ते ठेवले होते. तीन तास गोड खाऊन तोंड चिकट झालेलं असताना खारट बटाट्याची चव काय लागते ते सांगता येत नाही. पाण्याचं म्हणाल तर सरावाआधी आणि सरावानंतर वजन करा. जेवढं घटलं तेवढा घाम, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे एक लिटर. हे प्रत्येकाचं निराळं असतं, मैत्रिणीचा आकडा घेऊन चालत नाही. आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं.

आता बाथरूमचा प्रश्न. हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, तो मोठ्याने विचारायला हवा. स्पर्धेत पाण्याच्या स्टेशनांजवळ तात्पुरती स्वच्छतागृहं असतात. मी थांबते. दोन-तीन मिनिटं जातात, जाऊ देत. खरी अडचण आपल्या सरावाच्या रस्त्यांवर आहे. हायवेला चांगलं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून आपल्या मुली पाणीच कमी पितात. पाच तासांच्या राइडला एक बाटली. ही सवय शाळेपासूनची आहे, ती शरीरात मुरलेली आहे आणि लांब पल्ल्याच्या खेळात तीच सगळ्यात आधी मोडायला लागते. मी कागल ते तवंदी घाटाच्या पट्ट्यात कोणत्या पंपावर जाता येईल हे पाठ करून ठेवलंय आणि नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. तीन-चार तासांत एकदाही जावंसं वाटलं नाही तर तुम्ही कमी पीत आहात. जिथे कातडं घासतं तिथे क्रीम भरपूर लावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिला कंटाळा. रविवारच्या ग्रुपमध्ये गप्पा असतात, एकमेकींच्या मागे वाऱ्याचा आडोसा असतो. आयर्नमॅनमध्ये हौशींना तो आडोसा घ्यायला मनाई आहे. पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर ठेवायचं, त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. मार्शल मोटरसायकलवरून बघत असतो, पकडलं तर पाच मिनिटं तंबूत उभं राहायचं. मला हा नियम मनापासून आवडतो. तुमचा वारा तुम्हीच कापायचा. पण त्यामुळे हजारभर माणसांच्या रस्त्यावर तुम्ही एकटेच असता.

बसलटनला पहिल्या फेरीत हे जाणवत नाही. गावाबाहेर लडलोचं ट्युअर्ट झाडांचं जंगल लागतं. निलगिरीच्या कुळातली ही उंच झाडं जगात फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवर वाढतात. त्यांच्या सावलीतून जाताना सकाळ थंड असते, वास छान असतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे ओलांडतानाही गोंधळ होत नाही. दुसऱ्या फेरीत तेच जंगल ओळखू येत नाही. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, डोक्यावर ऊन आलेलं असतं आणि समुद्रावरून वारा सुटलेला असतो. त्याच ताकदीत वेग ताशी तीन-चार किलोमीटरने खाली येतो. आकडा बघून जोर लावायचा मोह होतो. तिथेच हात आखडता घ्यायचा: ताकद तीच, वेग वारा ठरवेल.

माझ्यासाठी सगळ्यात वाईट पट्टा साधारण ११० ते १५० किलोमीटरचा. संपत आल्याचा आनंद नाही, सुरुवातीची उसळी नाही. मनात येतं, हे कशासाठी? घरी लेकीची परीक्षा आहे आणि मी इथे काय करतेय? हे विचार खरे वाटतात. अनुभवाने मी एक नियम केलाय: असा विचार आला की आधी खायचं, पाणी प्यायचं, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग त्याच्याशी बोलायचं. दहातल्या आठ वेळा तोपर्यंत तो गेलेला असतो, कारण तो विचार मुळात उतरलेल्या साखरेचा असतो. उरलेल्या दोन वेळा तो खराच असतो. त्याला मी घेऊन चालवते. त्या वेळी मॅरेथॉनचा विचार करायचा नाही, पुढच्या पाण्याच्या स्टेशनपलीकडचं काही बघायचं नाही. मान डावी-उजवी वळवायची, एरोबारवरून उठून अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारायचं, बोटं झटकायची. स्टेशनवरची पोरं-पोरी बाटली पुढे करत ओरडत असतात, त्यांच्याकडे बघून हसायचं. खरंच हसायचं, चेहरा सैल होतो आणि खांदेही.

शेवटचे दहा किलोमीटर हलका गिअर टाकून पाय मोकळे करते. उतरण्याची रेष आली की सायकल स्वयंसेवकाच्या हातात द्यायची आणि तंबूत जाऊन बूट बदलायचे. पहिले दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत, सायकलच्याच लयीत फिरू पाहतात. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका. आठवड्यातून एकदा राइडनंतर लगेच वीस मिनिटं पळण्याचा सराव केला असेल तर ते लवकर ओसरतं.

नव्या मुली शेवटी मला माझा सायकलचा वेळ विचारतात. मी त्यांना मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला मी पळत होते की चालत होते, ते सांगते. पळत होते.