तुम्ही विचारलंत म्हणून : येरळा हे नाव

शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, गेली सात वर्षं मला एकच प्रश्न येतो. “मुलीचं नाव येरळा? हे कुठनं काढलंत?” खटाव-खानापूरकडचं माणूस असेल तर तो हे विचारत नाही, त्याला नदी ठाऊक असते. तो पुढचं विचारतो. “नदीचं नाव ठेवलंत ते ठीक, पण कोरड्या नदीचं?” घाईत असलो की “नदीचं नाव आहे” एवढं सांगून मी पुढं जातो. पण अलीकडं ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे अशी पोरं-पोरी मुद्दाम थांबवून विचारायला लागली आहेत. त्यांना अर्धवट सांगणं बरं नाही.

आमची धाकटी वैशाखात जन्मली, विट्यात, पहाटे. थोरलीच्या पाठीवर दुसरी मुलगी. मी तासाभराच्या पोरीला हातात घेऊन उभा होतो तेव्हा आई पंचांग पाहून आलेल्या मामांशी दाराबाहेर हलक्या आवाजात बोलत होती. मूळ नक्षत्र, पहिला चरण. आपल्याकडं मुळावरच्या जन्माचं भय किती खोल आहे ते भाषेतच दिसतं. ‘अमका माझ्या मुळावर आलाय’ असं आपण वैऱ्याबद्दल बोलतो. त्यात पहिला चरण बापाला वाईट, म्हणजे ज्याच्या मुळावर ती आली म्हणायचं तो मी. शांती होईपर्यंत बापानं पोरीचं तोंड बघू नये, बघायचं तर तेलाच्या वाटीतलं प्रतिबिंब बघावं, असंही एक मावशी सांगून गेल्या. मी तर तिला बघून, हुंगून, तिची बोटं मोजून बसलो होतो. आईच्या जिवाला घोर नको म्हणून सत्ताविसाव्या दिवशी, मूळ नक्षत्र फिरून आल्यावर, शांतीला बसलो. पण ‘मुळावर आली’ हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी बोलायचं नाही, एवढं मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. ते वाक्य ऐकत मोठी झालेली एक बाई आमच्याच घरात होती. तिच्याकडं येतोच.

नावरस अक्षर निघालं ‘ये’. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्यातली मुळाच्या वाट्याची चार : ये, यो, भा, भी. भा-भी वरनं नावं ढिगानं सापडतात. ‘ये’ वरनं मोबाईलवरच्या याद्या धुंडाळल्या तर हाती काहीच लागेना. अक्षर पाळलंच पाहिजे असं माझं म्हणणं नव्हतं. थोरलीचं नाव आम्ही असंच एका यादीतनं उचललं होतं, ते छान आहे, पण आज तिच्या वर्गात त्या नावाच्या तिघी आहेत आणि बाई त्यांना आडनावानं हाक मारतात. पाचवी-सहावीतल्या पोरीला आडनावानं हाक बसते, हे मला आजही लागतं.

अण्णा म्हणाले, “येसू ठेव.” माझे डोळे भरून आले. संभाजीराजांच्या मागं, १६८९ मध्ये रायगड पडल्यावर कैदेत गेलेल्या येसूबाई १७१९ मध्ये सुटून साताऱ्याला आल्या. जवळपास तीस वर्षं. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्यांची समाधी आहे. नाव लहान, भारदस्त, इथल्या मातीतलं. ते ठरल्यातच जमा होतं, आणि घरात आजही तिला आम्ही येसूच म्हणतो. पण पाळण्यातलं नाव वेगळं ठरलं, ते चुलत आजीमुळं.

आजीचं माहेरचं नाव नकुसा. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून नकुसा. नकोशी, नकुशा, नकुसा, गावागणिक उच्चार बदलतो, अर्थ तोच. असं नाव ठेवलं की देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, ही समजूत. तिच्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. सगळ्या बाया ओठ दाबून हसत होत्या आणि ही ताटाकडं बघत बसलेली. शेवटी नणंदेच्या कानाला लागून विचारलं, “काय लिवलंय गं?” नणंद म्हणाली, “लक्ष्मी.” आजी हे सांगताना दरवेळी उजव्या हाताचं बोट हवेत तसंच फिरवायची, जणू अक्षरं तिला अजून दिसतायत. पण माहेरी गेली की परत नकुसा. सासर-माहेरात जेवढे कोस तेवढाच काळ तिला चांगलं नाव मिळायचं.

ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी अशीही नाही. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात नकोशी नावाच्या २८५ मुलींचं सरकारी कार्यक्रमात नव्यानं नामकरण झालं. काहींनी नवं नाव स्वतः निवडलं. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी वैशाली. मी तेव्हा केरळात त्रिशूरला होतो. बातमी वाचली आणि आजीला फोन लावून सांगितली. पलीकडनं बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाली, “दोनशे पंच्याऐंशी? बरं झालं बाई.” आणि फोन आईकडं दिला.

नकुसा या नावाचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यातला सगळ्यात मोठा घाव मला असा वाटतो की ते नाव मुलीशी बोलतच नाही. ते तिच्या डोक्यावरनं देवाशी बोलतं. हाक तिला, निरोप दुसऱ्याला. आणि थोडं बारकाईनं पाहिलं तर मुलींच्या कितीतरी नावांचं असं झालेलं दिसतं. लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव नवऱ्याच्या नावाशी जुळावं म्हणून ठरायचं. पहिल्या डॉक्टर म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो त्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. इथं कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात १८६२ मध्ये जन्मलेल्या कुर्लेकरांच्या लेकीचं नावही यमुनाच, तिला आपण रमाबाई रानडे म्हणून ओळखतो. दोन यमुना, दोघींची नावं लग्नात पुसली गेली. माझ्या आजीला नवं नाव म्हणजे सुटका वाटली, त्या दोघींना काय वाटलं असेल कोण जाणे. मला एवढंच कळत होतं की माझ्या मुलीचं नाव तिच्याशी बोलणारं हवं, देवाशी नको, ज्योतिषाशी नको, उद्याच्या जावयाशी तर नकोच.

हे सगळं मी आजीपुढं असं मांडलं नव्हतं. ती बाळंतिणीच्या खोलीत शेगडीपाशी बसून ओव्याची धुरी करत होती. मी नुसतं म्हणालो, “आजी, अक्षर ‘ये’ आलंय, नावच मिळंना.” ती वर न बघता म्हणाली, “ये? मंग ते बोलावणंच हाय की. ये म्हंजी ये. माज्या येळंला जा म्हणाली व्हती.”

त्या क्षणापासनं ते अक्षर मला पंचांगातलं राहिलं नाही. ‘ये’ नं सुरू होणारं नाव म्हणजे प्रत्येक हाकेला आधी बोलावणं. आणि ‘ये’ नं सुरू होणारं, माझ्या कानात लहानपणापासनं असलेलं नाव एकच होतं.

आमच्या भागातल्या माणसांचा धंदा सोनं-चांदी गाळण्याचा. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची दुकानं देशभर आहेत. अण्णांचं त्रिशूरला होतं, दहावीनंतर मीही तिथंच. आठवड्याला एकदा बूथवरनं घरी फोन लागायचा. मीटरचे आकडे पळत असायचे, त्यामुळं बोलणं थोडकं, पण पावसाळ्यात शेवटचा प्रश्न चुकायचा नाही. “येरळेला पाणी आलं का?” त्या उत्तरावर अण्णा बियाणाला पैसे पाठवायचे की वैरणीला, ते ठरायचं. हजार किलोमीटरवर, भट्टीच्या धगीत उभं राहून आम्ही त्या नदीची वाट बघितली आहे. एखाद्या नावाची इतकी वाट पाहिलेली मला दुसरी आठवत नाही.

आता कोरडेपणाचं. येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, वडूजवरनं सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वाट अवर्षणाच्या मुलखातनं. उन्हाळ्यात पात्रात पाणी दिसत नाही हे खरं आहे. पण न दिसणं आणि नसणं यात फरक आहे, तो मी हातांनी पाहिला आहे. लहानपणी सुट्टीत बायांच्या मागनं पात्रात जायचो. आजी वाळूत बसकण मारायची आणि दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागायची. वरची पांढरी, तापलेली. वीतभर खाली करडी. हातभर खाली गेलं की काळपट, गार, मुठीत धरली तर आकार धरणारी. मग ती हात काढून घ्यायची आणि म्हणायची, “गप बस. आता बोलू नको.” खड्ड्याच्या तळाशी आधी नुसती चकाकी, मग बाजूंनी बारीक बारीक कण सुटायला लागायचे, गढूळ पाणी चढायचं. पहिली भांडी उपसून टाकून द्यायची. त्यानंतरचं असं नितळ यायचं की तळाचे खडे मोजावेत. करवंटीनं हळूहळू घागर भरायची. त्याला आमच्यात झरा उकरणं म्हणतात. वाळू नदीचं पाणी झाकून ठेवते, उन्हापासनं वाचवते. पुढं वाळू ट्रकांनी शहरांकडं गेली आणि झरे बसले. नदी कोरडी म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

आणि याच नदीवर, आमच्या खानापूर तालुक्यात बलवडीला, बळीराजा धरण आहे. १९८० च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ते उभं केलं. ठेकेदारांची वाळूलूट अडवून, नदीची थोडी वाळू गावानंच विकून त्यातनं पैसा उभारला, श्रमदान केलं, आणि पाणी जमिनीच्या मापानं न वाटता माणसांना सारखं वाटायचं ठरवलं, ज्याला जमीन नाही त्यालाही. मुलीला सांगायला याहून चांगली गोष्ट मी कुठनं आणणार होतो?

“नदीचं नाव असलेली पोरगी करू नये म्हणतात,” असंही एक पाहुणे बोलले. मनुस्मृतीत तसा श्लोक आहे, तिथं झाडांची आणि नक्षत्रांची नावंही वर्ज्य सांगितली आहेत. पण आमच्या एका आळीत गंगा, कृष्णा, गोदावरी, भागीरथी अशा चार म्हाताऱ्या सुखानं नांदल्या. सामान्य बायाबापड्यांनी तो श्लोक कधी मनावर घेतला नाही, तो मी कशाला घेऊ?

बारसं शांतीनंतर झालं. गहू-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजल्या, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरनं-खालनं फिरलं. माझ्या बहिणीनं आत्या म्हणून कानात कुर्र करून नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि उभी राहून मोठ्यानं म्हणाली, “येरळा!” क्षणभर सगळं घर गप्प. मग आजीनं कोपऱ्यातनं हाक मारली, “येरळे, ये गं माजे बाय.” ते ऐकल्यावर माझी शंका फिटली. नाव कागदावर कसं दिसतं ते बघत बसू नका, दारात उभं राहून हाक मारून बघा. ‘येरळे’ या हाकेत शेवटी सूर आपोआप उंच जातो.

दाखल्याच्या वेळी मात्र मन खट्टू झालं. खिडकीतल्या माणसानं अर्ज वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच सुधारून ‘सरला’ टाईप केलं. असं नाव नसतंच म्हणे. दाखला दुरुस्त करून घ्यायला मला चार हेलपाटे पडले. म्हणून वेगळं नाव ठेवणाऱ्यांना सांगतो : जन्माची नोंद २१ दिवसांत करा, पण नाव पक्कं नसेल तर घाई करू नका. नावाशिवाय नोंद होते आणि वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, पुढंही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. आणि छापलेलं अक्षर न् अक्षर तिथंच उभं राहून वाचा.

‘ळ’ मुळं उत्तरेत अडचण होईल, असंही सांगणारे भेटले. होईल. पण हल्लीच्या मुलींच्या नावांतनं ‘ळ’ जवळजवळ नाहीसाच झाला आहे, आणि तो आपल्या जिभेचा खास वर्ण आहे. त्रिशूरच्या आमच्या शेजाऱ्यांच्या भाषेतही तो आहे. फोनवर नाव सांगितलं तर त्यांनी पहिल्या झटक्यात बिनचूक म्हणून दाखवलं.

आजीला जाऊन दोन वर्षं झाली. येरळा पाटीवर नाव लिहायला शिकली, तेव्हा ‘ये’ आणि ‘र’ लगेच जमलं, ‘ळ’ काही केल्या वळेना. दोन्ही गाठी एकीकडंच पडायच्या. आजी शेजारी बसून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाटी जवळ ओढून तिनं बोट त्या ‘ळ’ वरनं सावकाश फिरवलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि मग येरळाला विचारलं, “ह्यात माजं नाव कसं लिवायचं गं?” येरळानं पाटी पुसली आणि विचारलं, “कुठलं? नकुसा का लक्ष्मी?”

आजीनं जरा वेळ विचार केला. “लक्ष्मी,” म्हणाली. “पर मोठं लिव.”