व्हिएतनाममध्ये मशीन शॉप टाकायचं का? शिरोलीतून केलेली पडताळणी

परदेशात मशीन शॉप, म्हणजे ओतलेले भाग कापून, भोकं पाडून नेमक्या मापात आणणारा कारखाना, टाकायचा विचार निघाला की सगळे आधी मजुरीचा आकडा विचारतात. व्हिएतनामची पडताळणी करताना तो आकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला, आणि इतरांनाही तेच सांगेन.

पहिला तक्ता कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत बसूनच केला. पंपाची एक बॉडी घेतली आणि ती तयार होताना आमच्या गेटबाहेरून काय काय येतं ते लिहून काढलं: पॅटर्नची (ओतकामाच्या साच्याच्या नमुन्याची) दुरुस्ती, कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), ड्रिलला धार, इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलायची टोकं), फिक्स्चरच्या पिना, हायड्रॉलिक होज, स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) दुरुस्त करणारा, मोजमापाच्या गेजचं कॅलिब्रेशन, चिप्स (मशीनिंगमध्ये निघणारा धातूचा कीस) उचलणारा. प्रत्येकापुढे किती वेळात मिळतं ते लिहिलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहती मिळून बहुतेक ठिकाणी उत्तर 'आज संध्याकाळपर्यंत' असंच येतं. शेजारचा रकाना व्हिएतनामसाठी मोकळा ठेवला आणि तिथे जाऊन भरला.

उत्तरेत बाक निन्ह, हायफाँगकडे इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने दाट असल्याने मोल्ड, वायरकट (विजेच्या तारेने धातू कापणं), अचूक मोजमाप ही कामं जवळपास होतात. पॅटर्न-कोअरचे रकाने मात्र भरेनात. जिथे रकाना मोकळा राहतो तिथे जादा स्पिंडल, महिन्यांचे इन्सर्ट, स्वतःचा टूलरूम माणूस असा खर्च धरावा लागतो. हा खर्च कुणाच्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

मग प्रश्न आला, ओतकाम कोल्हापुरात ठेवून फक्त मशीनिंग तिकडे नेलं तर? इथे दोन गोष्टी आडव्या येतात.

एक, वजन. कच्ची बॉडी १२ किलो आणि तयार ९ किलो असेल, तर २० टनांच्या कंटेनरमधले ५ टन म्हणजे नुसत्या चिप्स. त्यांचं भाडं न्हावा शेवापासून आपण भरायचं आणि तिकडे त्या भंगाराच्या भावाने विकायच्या. इथे त्याच चिप्स पुन्हा भट्टीत जातात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. युरोपीय संघाशी व्हिएतनामचा मुक्त व्यापार करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू आहे. पण युरोपात माल विकताना त्यातली आयात शुल्काची सवलत मालाचं मूळ व्हिएतनामचं ठरलं तरच मिळते, आणि मूळ ठरवताना कच्च्या व तयार मालाचा एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) बदलतो का हे पाहतात. कच्चं कास्टिंग आकारावरूनच पंपाची बॉडी म्हणून ओळखू येत असेल, तर वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे ते आधीच ८४१३ मध्ये, म्हणजे पंपाच्या भागांत जातं. मशीनिंग करूनही कोडचं हे चार आकडी शीर्षक तेच राहतं! मग उरते ती मूल्यवाढीची अट, आणि नुसत्या बोअरिंग-टॅपिंगने ती गाठणं अवघड. म्हणून प्रत्येक पार्टचा कोड कस्टम्स सल्लागाराकडून लेखी घ्या, तोही जागा बघायला जाण्याआधी.

जागेचं थोडक्यात. जमीन विकत मिळत नाही, औद्योगिक पार्कमध्ये भाडेपट्टा मिळतो, आणि तो पार्कच्या उरलेल्या मुदतीइतकाच. पन्नास वर्षांपैकी पंधरा सरली असतील तर हातात पस्तीसच येतात. हायफाँगकडची जमीन मऊ आहे, त्यामुळे जड मशीनच्या पायाला पाइलिंग (जमिनीत खोल खांब) लागतं का हे माती परीक्षणाच्या अहवालात पाहावं. वीजदराने वैतागून कर्नाटकात जायची चर्चा कोल्हापुरात जुनीच आहे, पण दराइतकंच सातत्यही बघायला हवं: २०२३ च्या मे-जूनमध्ये धरणांतलं पाणी आटल्यावर उत्तर व्हिएतनाममधल्या कारखान्यांची वीज तोडावी लागली होती. पार्कच्या ऑफिसला विचारू नका, शेजारच्या कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्याला विचारा.

आता मजुरी. किमान वेतन चार विभागांत वेगवेगळं असतं, शहरापासून लांब गेलात की उतरतं. त्यावर मालकाचा सामाजिक, आरोग्य व बेरोजगारी विम्याचा वाटा मिळून २१.५ टक्के, शिवाय कामगार संघटना निधी २ टक्के. तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाला तेराव्या महिन्याचा पगार द्यायची रीत आहे. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट, सणाच्या सुट्टीला तिप्पट. खरा भाव मात्र कारखान्यांच्या गेटवर लागलेल्या भरतीच्या फलकांवर वाचायला मिळतो. त्यावर मूळ पगार, हजेरी भत्ता, येण्याजाण्याचा भत्ता वेगवेगळे लिहिलेले असतात. एका रस्त्यावर असे फलक ओळीने लागलेले दिसले, तर तेतनंतर माणसं परत येतील याची खात्री धरू नका.

इथली जुनी मशीन तिकडे हलवायची तर वयाची अट आहे. सर्वसाधारण नियम दहा वर्षांचा. काही वर्गांना जास्त सवलत मिळते, पण त्यासाठीही कोड तपासावा लागतो. पैसे पाठवताना भारताच्या २०२२ च्या परदेशातल्या गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे बँकेत फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि कंपनी उभी राहिल्यावर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यावा लागतो.

आमच्या तक्त्यात जड कास्टिंग कोल्हापुरातच राहिलं. तिकडच्या यादीत उरले ते फक्त स्टीलच्या बारवरून (सळईवरून) होणारे लहान पार्ट, ज्यांचं स्टील तिकडेच घेता येतं.