लाल डोळ्याला स्टेथोस्कोप

केसपेपरवर लिहिलं होतं, ‘डोळे आलेत, औषधाने फरक नाही.’ गृहस्थ पन्नाशीच्या आसपासचे. उजवा डोळा लालभडक आणि डाव्यापेक्षा किंचित पुढे आलेला. सकाळी चिपडं येतात का, पापण्या चिकटतात का, खाज येते का, सगळ्याला उत्तर एकच, नाही. अँटिबायोटिकचे थेंब झाले होते, स्टेरॉइडचे झाले होते. मग त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, “डॉक्टर, गाडीवरून पडल्यापासून यांना रात्री डोक्यात आवाज येतो.” गृहस्थ जरा वैतागले. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे कशाला सांगायचं, असं त्यांना वाटत होतं.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं आणि मी थबकले. डोळे येतात तेव्हा लाली पापणीच्या आतल्या बाजूला जास्त असते, बुबुळाकडे येता येता ओसरते. इथे एकेक शीर सुटी दिसत होती, जाड, मळसूत्रासारखी पीळ घेत थेट बुबुळाच्या कडेला भिडलेली. डोळ्याचा दाब 32 मि.मी. पारा, दुसऱ्याचा 15. दाब मोजताना दिसणारी हिरवी अर्धवर्तुळं नाडीबरोबर जोरजोरात उडत होती. उजवीकडे बघायला सांगितलं तर डोळा पुरता वळेना आणि दोन-दोन दिसायला लागलं.

शेजारच्या वॉर्डातून स्टेथोस्कोप मागवला. उजवी पापणी मिटलेली, त्यावर स्टेथोस्कोपची छोटी बाजू हलकेच टेकवली. “डावा डोळा उघडा ठेवा, समोर टक लावा, आता श्वास रोखा.” दुसऱ्या डोळ्याने टक लावली की मिटलेल्या पापणीची थरथर कमी होते, नाहीतर तिचीच खरखर ऐकू येत राहते. आणि आला आवाज. सूंऽ, सूंऽ, नाडीच्या तालावर. निवासी डॉक्टरला म्हटलं, “ऐक. थेंबांनी हे बरं होणार नाही.”

मेंदूच्या तळाशी कॅव्हर्नस सायनस नावाची शिरांची पोकळी आहे. डोळ्यातलं अशुद्ध रक्त वरच्या ऑफ्थॅल्मिक शिरेतून खोबणीच्या मागच्या फटीतून मुख्यतः तिथेच जातं. आणि त्याच पोकळीच्या आतून मेंदूला रक्त नेणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी जाते. धमनी अशी शिरेच्या पोटातून जाते, असं शरीरात दुसरीकडे कुठे होत नाही. पडताना बसलेल्या मारात तिची भिंत फाटली, तर धमनीचं रक्त तिच्या पूर्ण जोरानिशी पोकळीत घुसतं आणि शिरांमधून उलटं डोळ्याकडे येतं.

डोळ्याच्या आत तयार होणारं पाणी (अश्रू नव्हेत) बुबुळाच्या कडेने झिरपून ज्या बारीक शिरांमध्ये उतरतं, त्यांचा दाब एरवी 8 ते 10 च्या आसपास असतो. तो चढला की डोळ्याचा दाबही चढतो. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस तर या पोकळीत कॅरोटिडला लगटूनच असते, म्हणून डोळा बाहेर वळत नव्हता.

मला सगळ्यात काळजी होती ती पडद्याची. डोळ्याला रक्त देणारी ऑफ्थॅल्मिक धमनी कॅरोटिडला या पोकळीच्या जरा पुढेच फुटते. तिच्याच एका बारीक फांदीवर पडद्याचे आतले थर जगतात. ती फुटण्याआधीच कॅरोटिडला गळती लागली की येणारं रक्त घटतं आणि शिरा तुंबल्या की जाणारं अडतं. बाहेरून रक्ताने भरलेला दिसणारा हा डोळा आत उपाशी असतो. पडदा तपासला तेव्हा शिरा फुगलेल्या होत्या, कडेला रक्तस्रावाचे ठिपके होते. नजर अजून चांगली होती, पण थांबून चालणार नव्हतं.

त्याच दिवशी सीटी स्कॅन केला. वरची ऑफ्थॅल्मिक शीर कितीतरी जाड दिसली. मग अँजिओग्राफीत फाटलेली जागा सापडली आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी कॅथेटर (बारीक नळी) घालून ती कॉइल्सनी, म्हणजे धातूच्या बारीक तारांच्या वेटोळ्यांनी, बुजवली. भूल उतरल्यावर गृहस्थांनी सांगितलं, “आवाज बंद झाला.”

दाब लवकर उतरला, लालीला काही आठवडे लागले, पडद्यावरचे ठिपके विरले. सहावी नस सगळ्यात सावकाश सावरली. तोवर वाचताना ते एक डोळा झाकून घेत, आणि दर भेटीत मी त्यांना उजवीकडे बघायला सांगून बुबुळाबाहेर किती पांढरं उरतं ते मोजून ठेवत होते.