खुरपं शेवटायला

मृग जवळ आला की आमच्या घरात एकच घोषा, "अरे तेवढी खुरपी शेवटून आण." शेवटणं म्हणजे झिजलेलं पातं तापवून, ठोकून परत धारदार करणं. मग मी, सुट्टीवर आलेला रिकामटेकडा, पिशवीत चार खुरपी नि दोन विळे टाकून लोहारतात्यांच्या छपराखाली हजर. तिथं आधीच गर्दी, कुणाचा फाळ, कुणाची कुळवाची पास, कुणाची कुऱ्हाड आणि सगळ्यांना पाऊस पडायच्या आत पाहिजे. लाईट गेली की ब्लोअर बंद, मग कोपऱ्यातला जुना चामड्याचा भाता ओढायला मला बसवायचे. फुकटचा गडी!

ते छप्पर कायम अंधारं. मला वाटायचं तात्या चिकट आहेत, एक पत्रा सरकवून उजेड घ्यायला काय जातं. एकदा बोललोच, तर म्हणाले, "उजेड केल्यावर लोखंडाचा रंग कसा दिसंल रं?"

तोपर्यंत मला कौतुक फक्त घणाचं. घण काकी मारायच्या, तात्या सांडशीत खुरपं फिरवत हातोडीनं नुसतं टक् करून जागा दाखवायचे, की काकींचा घाव बरोब्बर तिथंच. पण खरी गंमत नंतर, पाणी देताना, म्हणजे धार कडक करताना. लालबुंद पात्याची फक्त धार पाण्यात, चर्र, लगेच बाहेर, विटेच्या तुकड्यानं घासायचं आणि मग नुसतं बघत बसायचं. मागची धग पुढे सरकते तसे धारेवर रंग चढतात, वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. सव्वादोनशे ते तीनशे डिग्रीतला सगळा खेळ, हे मला पुढं डिप्लोमात कळलं. पिवळ्यावरच थांबलं तर दगडाला लागून टवका उडणार, निळ्यापलीकडं गेलं तर धार मुडपणार. तेवढा वेळ तात्या एकदम गप्प, कुणी बोललं तर हात वर. जांभळा आला की बुडवलं, आणि अर्धवट राहिलेली भावकीची भानगड परत चालू.

आजीच्या काळी याचं बलुतं होतं, सुगीला खळ्यावरून जोंधळा जायचा. मी मात्र रोख देऊन वर घासाघीस करायचो, आता लाज वाटते.

परवा बाजारातून चकचकीत रेडिमेड खुरपं घेतलं, दुसऱ्याच वाफ्यात वाकलं. तात्यांकडं नेलं तर त्यांनी बोटानं वाजवून परत दिलं. "याला पाणी धरत न्हाई. ट्रकचा जुना कमानपाटा आण, करून देतो."

सध्या भंगारवाल्यांकडं पाटा शोधत हिंडतोय.